पासंग

युस्टिनाची स्तुती ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा. तिचे गोडवे गाणारे आमच्याकडे पैशाला पासरी मिळतील. मी तिला त्या सगळ्यांपेक्षा जास्त ओळखते आणि मला तिचा हेवा वाटतो. हेवा पाप आहे हे दर रविवारी कानीकपाळी ओरडून सांगतात. ऐकते मी. पण ऐकून तो जात नाही.

आम्ही दोघी एकाच वर्षी, पानगळीच्या दिवसांत, अमेरिकेत मॉन्टानातल्या या वस्तीत लग्न होऊन आलो. आम्ही हटराइट, सगळं सामाईक ठेवून वस्तीने राहणारा ख्रिस्ती पंथ. आमच्यात मुलगी नवऱ्याच्या वस्तीत जाते आणि जन्मभर तिथलीच होते. दोघींच्या पेट्या एकाच ट्रकमधून उतरल्या. माझी पेटी मोठी होती. माझा पाउल उंचापुरा, गव्हाच्या शेतावरचा, चार माणसांत बोलेल असा. तिचा एलियास हंस आणि बदकं सांभाळायचा, हिवाळ्यात सगळ्यांचे जोडे शिवायचा, आणि जेवणघरात तो येण्याआधी त्याचा वास यायचा. मी मनात म्हटलं, बाई गं, सुटलीस.

मग मला मुलं होत गेली. अकरा. तिला एकही नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली, प्रार्थना झाल्या, मग लोकांनी विचारणंही सोडलं. आमच्यात मूल म्हणजे देवाचं देणं, आणि ज्याच्या घरी देणं जास्त त्याच्यावर देवाचा लोभ जास्त, असं सरळ गणित. त्या गणिताने मी कुठे आणि ती कुठे! कधी राग आला की मी बायकांत म्हणायचे, "ती माझ्या पासंगालाही पुरायची नाही." बायका हसायच्या. युस्टिना बटाटे सोलत असायची. तिने ऐकलंच असणार.

पण झालं काय, की मुलं माझी आणि मुलांचा जीव तिच्यावर. तीन वर्षांची झाली की आमची पोरं दिवसभर लहानशाळेत बसतात, कारण आया स्वयंपाकात नाहीतर बागेत. तिथे बायकांच्या पाळ्या असायच्या. बाकीच्यांच्या मांडीवर नेहमी कुणीतरी तान्हं, त्यामुळे प्रत्येकीची पाळी युस्टिना घ्यायची. घेता घेता लहानशाळा तिचीच झाली. ती काही खेळ शिकवायची नाही की गोष्टी सांगायची नाही. पोर बोलायला लागलं की ती खाली जमिनीवर बसायची आणि ते पोर जे काय बरळेल ते पूर्ण ऐकायची. मग त्याच्या डोक्यावर तळवा ठेवायची. तळवा केवढा, तर सुपाएवढा. बस, एवढंच. एवढं तर मलाही आलं असतं, पण अकरा जणांच्या डोक्यावर तळवा ठेवायला माझे हात मोकळे कधी होते?

माझा चौथा, डानियल. त्याच्या घशाच्या गाठी काढल्या तेव्हा शहरातल्या दवाखान्यात त्याच्या उशाशी मी बसले होते. शुद्धीवर येताना त्याने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "युस्टिना मावशी कुठंय?" पाच वर्षांचं पोर ते. नर्सने विचारलं, "युस्टिना कोण? बहीण का तुमची?" मी म्हटलं, "नाही, हंसवाल्याची बायको."

आता आमच्याकडची एक गंमत सांगते. आमच्यात कुणी मोठा नाही, कुणी छोटा नाही. जमीन सगळ्यांची, गव्हाचा दाणा सगळ्यांचा, एकाच ताग्यातलं कापड सगळ्यांना. फक्त उपदेशक आपल्या घरी वेगळे जेवतात. फक्त कारभाऱ्याच्या खिशात गाडीच्या किल्ल्या असतात. आणि कारभाऱ्याची बायको मुख्य स्वयंपाकीण असते, कोठीची किल्ली तिच्या कमरेला. ती शहरात जाते, आणि येताना 'सहज दिसला म्हणून' आणलेला फुलाफुलांचा कापडाचा तुकडा तिच्या सुनेच्या अंगावर दिसतो. बाकी सगळे सारखे. मी तीस वर्षं तिच्या हाताखाली पीठ मळलं आणि ती किल्ली कमरेला वाजताना ऐकली. तुमच्याकडे गावठी बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात ना, तसा माझाही कारभारीच होता, पण नुसता घरातला.

आणि मग वस्ती भरली. घरं पुरेनात, जेवणघरात दोन पंगती व्हायला लागल्या. त्याहून वाईट म्हणजे पुरुषांना कामं पुरेनात. एका ट्रॅक्टरभोवती पाच पाच बाप्ये उभे, एक चालवणार आणि चार शहाणपण शिकवणार. डुकरांचा प्रमुख एक, कोंबड्यांचा एक, सुतार एक. ज्याला पद नाही तो दुसऱ्याच्या पदाकडे बघत बसतो. अशा वेळी आमच्यात वस्ती फुटते. नवी जमीन घ्यायची, नवी घरं बांधायची आणि अर्धी माणसं तिकडे. माणसं दुप्पट नाही झाली, तरी पदं दुप्पट होतात.

ती बातमी सांगायला आमचे थोरले उपदेशक योस काका जेवणघरात उभे राहिले. म्हणाले, आपण आलो तेव्हा मूठभर होतो, आज ताटं कमी पडतात, ही देवाच्या कृपेने झालेली प्रगती आहे. वस्तीचे दोन भाग झाले की एका भागाचा कारभारी पाउल होणार हेही त्यांनी सांगितलं. माझे कारभारी खरेखुरे कारभारी!

दुसऱ्या दिवशी बटाटे सोलताना मी जरा मोठ्यानेच म्हटलं, "प्रगती म्हणाले योस काका. अर्धी तर माझ्याच घरची आहे."

युस्टिना म्हणाली, "प्रगती म्हणजे काय गं, युडिट? पीठ रात्रभर फुगलं म्हणून ते वाढलं का? पीठ तेवढंच."

"पीठ तेवढंच कसं? माझी पोरं काय हवा भरून फुगवलीत?"

बायका खो खो हसल्या. ती पण हसली. म्हणाली, "तसं नव्हे. आधी एका किल्लीवरून भांडायचो, आता दोन किल्ल्यांवरून भांडू. एवढंच म्हणायचं होतं."

"ज्याला किल्ली मिळणार नाही त्याला असंच वाटतं," मी म्हटलं. त्यावर तिने पुढचा बटाटा उचलला. मी जिंकले होते, पण बटाटा सोलताना माझंच बोट कापलं.

मग याद्या करायला सुरुवात झाली. एका यादीवर योस काका, दुसरीवर पाउल. दोन्ही बाजू शक्यतो सारख्या झाल्या पाहिजेत, तिकडे म्हातारे आणि इकडे तरणे असं चालत नाही. कोणती यादी जाणार आणि कोणती राहणार हे मात्र कुणालाच माहीत नसतं. ते शेवटच्या दिवशी चिठ्ठी टाकून ठरतं. म्हणून सगळ्यांनी सामान बांधून बसायचं, न जाणाऱ्यांनीही.

आमच्या यादीत माझे मुलगे, सुना, नातवंडं. म्हणजे आमचं पारडं आधीच जड. एलियासला भाऊ नव्हता, युस्टिनाला पोर नव्हतं. दोनच माणसं, मागे पुढे कुणी नाही. पुरुषांनी ठरवलं, यांना शेवटी ठेवू, जी बाजू हलकी भरेल तिकडे टाकू. पाउल घरी येऊन म्हणाला, "पासंग म्हणून बरे आहेत दोघं." तो शब्द ऐकून मला काय गुदगुल्या झाल्या! आमचं पारडं जड, त्यामुळे पासंग तिकडेच पडणार होता. किल्ली माझी, पोरं माझी आणि युस्टिना दुसऱ्या वस्तीत, दीड तासाच्या रस्त्यावर. देवाकडे मी याहून जास्त कधी मागितलंच नव्हतं.

युस्टिनाचं नाव योस काकांच्या यादीत पडल्याचं दुपारी कळलं. संध्याकाळी डानियल आला. दारातच उभा राहिला.

"आई, आम्ही योस काकांच्या यादीत जातोय."

"कोण आम्ही?"

"मी, रहेल आणि पोरं."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? बाप इकडे कारभारी आणि तू तिकडे जाऊन काय शेण काढणार?"

"लेआसाठी जातोय. तुला माहितीये ती कशी आहे."

लेआ त्याची चार वर्षांची. बोलायला उशीर लागलेली. शब्द अडखळायचा की रडायची. सगळे तिचं वाक्य घाईने पूर्ण करून टाकायचे, मीही. युस्टिना करायची नाही. वाट बघत बसायची. तिच्याशी ती पोर अखंड बोलायची.

"मी आजी आहे तिची," मी म्हटलं.

"हो, आई. पण तू घाईत असतेस."

दुसऱ्या दिवशी माझा पेटर तेच सांगायला आला. मग आणखी दोन घरं, जी माझी नव्हेत. ती सगळी माणसं युस्टिनाच्या हाताखालून गेलेली, आता त्यांची पोरं जात होती. आमचं पारडं बघता बघता वर गेलं. योस काका म्हणाले, ठीक आहे, पासंग इकडून काढून तिकडे टाका. एलियास आणि युस्टिना आमच्या यादीत आले. लगेच डानियल परत, पेटर परत, ती दोन घरं परत, आणि वर योस काकांकडची तीन घरं आमच्याकडे यायला तयार! आता आमचं पारडं जमिनीला टेकलं. परत युस्टिनाला तिकडे टाकलं, परत तीच वरात. पुरुष आठवडाभर कागद खोडत बसले.

योस काका मेटाकुटीला येऊन पाउलला म्हणाले, "अरे, हा कसला पासंग? माल यालाच बांधलेला आहे!"

पाउल हसला. मला हसू आलं नाही. तीस वर्षं मी ज्या शब्दाने तिला तोलत होते तोच शब्द सगळ्यांदेखत माझ्या तोंडावर आपटला. कमी भरली ती मी. अकरा पोरं घालूनही कमी भरले.

मी पाव भाजायच्या खोलीत पीठ मळत होते तेव्हा ती आली. पाव करायची तिची पाळी होती. हात धुऊन माझ्या समोर उभी राहिली आणि गोळे करायला लागली, जसं काही झालंच नव्हतं.

"झालं समाधान?" मी विचारलं.

"कसलं?"

"साळसूदपणा पुरे. माझी पोरं मला सोडून तुझ्या मागे चालली."

"मी कुणाला बोलावलं नाही, युडिट."

"तेच तर! बोलावलं असतंस तर भांडता आलं असतं. तुला एक पोर देवाने दिलं नाही म्हणून तू माझी सगळी घेतलीस."

हे बोलायचं नसतं. आमच्यात तर नसतंच. तिचे हात पिठात थांबले. मला वाटलं, आता रडेल, आणि रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"तुला काय हवंय ते सांग," ती म्हणाली.

"माझी पोरं हवीत. सगळी. माझ्या यादीत. आणि तू नकोस."

तिने गोळा पत्र्यावर ठेवला, त्याच्यावर छोटा गोळा दाबून बसवला, आणखी चार केले. मग म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या कॉफीला सगळे जेवणघरासमोर होते. नेहमीसारखी पोरं युस्टिनाकडे धावली. लेआने तिचा एप्रन धरला आणि काहीतरी सांगायला लागली. "आजी, हं... हं... हं..." हंसाचंच काही असणार.

"सोड," युस्टिना म्हणाली. "जा तुझ्या आईकडे."

डानियल हसत पुढे आला. "मावशी, काय झालं?"

"काय व्हायचंय? दमले मी. आधी तुमची शेंबडी नाकं पुसली, आता तुमच्या पोरांची. वस्ती फुटल्यावर तरी जरा सुखाने बसेन म्हटलं, तर तुम्ही यादी बदलून मागे येताय. कशाला? मी मागितलीत का तुमची पोरं? नकोत मला. आपल्या आईबरोबर जा."

एलियास कपाकडे बघत बसला. लेआने एप्रन सोडला आणि डोळे मोठे करून तिच्याकडे बघत राहिली, रडलीही नाही. आणि मी एकटीने पाहिलं की युस्टिनाने दोन्ही हात एप्रनखाली घातले होते. ते सुपाएवढे हात तिने पोटाशी घट्ट दाबून धरले होते, कारण मोकळे ठेवले असते तर गेलेच असते ते त्या पोरीच्या डोक्यावर.

डानियल त्याच संध्याकाळी आमच्या यादीत परतला. पेटरही आला. बाकीची घरं जिथली तिथे गेली. युस्टिना आणि एलियास योस काकांकडे पडले आणि पारडी इतकी समसमान झाली की योस काकांनी देवाचे आभार मानले. मी मानले नाहीत. मला रात्रंदिवस एकच वाटत होतं, की हे माझ्याच्याने झालं नसतं. माझं पोर कुणासाठी मी असं लोटलं नसतं. इथेही ती माझ्या वरचढच. असा हेवा मला तिचा कधी वाटला नव्हता.

चिठ्ठीच्या दिवशी प्रार्थना झाली, टोपीतून चिठ्ठी निघाली, आणि जायचं आमच्या वाट्याला आलं. ज्यांच्या वाट्याला राहणं आलं ते आपल्या पेट्या परत सोडायला गेले. आमचे ट्रक भरलेलेच होते. निघताना सगळे सगळ्यांना भेटले, बायका रडल्या, पुरुष खोकले. युस्टिना आली नाही. ट्रक वळला तेव्हा ती हंसांच्या आवारात दिसली. दाणे टाकत होती. टोपलीतले दाणे संपले होते, तरी तिचा हात टाकतच होता.

नव्या जागी मला किल्ली मिळाली. ती कमरेला लावून मी पहिल्या दिवशी उगीचच चार चकरा मारल्या. पाउलबरोबर शहरात गेले आणि 'सहज दिसला म्हणून' कापडाचा तुकडाही आणला. कारभारीणबाई झाले. आमच्याकडे कुणी मोठा नाही, कुणी छोटा नाही, पण आता हाताखालच्या बायका मी आले की बोलायच्या थांबत. एक तरुण पोरगी माझ्या कमरेकडे ज्या नजरेने बघायची ती नजर मी चांगली ओळखत होते.

लेआ बोलायची बंद झाली होती. अडखळतही नव्हती, कारण तोंडच उघडत नव्हती. एका सकाळी मी मटार सोलत बसले होते, ती येऊन माझ्याजवळ बसली. बराच वेळ शेंगा मोडत राहिली. मग म्हणाली, "आजी, मी... मी वा... वा..."

मी वाक्य पूर्ण करणार होते. कशी कोण जाणे, थांबले.

"वाईट आहे का गं?" तिचं तिनेच पूर्ण केलं.

"कोण म्हणालं असं?"

"युस्टिना आजीला मी नको."

आता बघा. मला हवं होतं ते माझ्या मांडीशी येऊन बसलं होतं. "असते एखादी बाई तशी, सोड तिचं, मी आहे ना," एवढंच म्हणायचं होतं. दोन महिन्यांत ती पोर युस्टिनाला विसरली असती, डानियल तर तिचं नावही घेत नव्हता. मी शेंग मोडली. आत एक दाणा किडका होता, तो फेकला.

"खोटं बोलली ती," मी म्हटलं.

"का?"

"मी तिला म्हटलं होतं, माझी पोरं मला दे. तिने दिली."

लेआने विचार केला. तिला वेळ लागला आणि मी वाट बघितली.

"म्हणजे मी तिला आवडते?"

"मरणाची."

त्या पोरीचं तोंड असं उजळलं, की युस्टिना समोर असती तर मी तिच्या थोबाडीत मारली असती. माझ्याकडे बघून असं तोंड कुणाचंच कधी उजळलं नाही, आणि हेही मीच माझ्या हाताने केलं होतं.

लेआला पुन्हा तोंड फुटलं आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या वस्तीला कळलं. डानियल दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग येऊन बापाला म्हणाला, "रविवारी प्रार्थनेनंतर मोठी व्हॅन मिळेल का?" पाउलने किल्ली हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

"दे," मी म्हटलं. "मी पण येते."

आता इथेही घरं भरतील. मग ही वस्ती फुटेल, तीही फुटेल, आणखी कारभारी होतील, आणखी कारभारणी. कुणीतरी जेवणघरात उभा राहून त्याला प्रगती म्हणेल आणि बायका माना डोलावतील. जमीन वाटली, गुरं वाटली, भांडी आणि ट्रॅक्टर वाटले. युस्टिना तेवढी एकच होती, तिची वाटणी कुणाला करता आली नाही.

रविवारी व्हॅनमध्ये मी पुढे बसले, मानाच्या जागी, ठेवणीतला रुमाल बांधून. मांडीवर मी भाजलेल्या पावांची टोपली. मागे एवढी पोरं कोंबलेली की पाय ठेवायला जागा नाही, आणि सगळी ओरडत होती. जुन्या वस्तीचं वळण जवळ आलं तशी ती एकदम गप्प झाली. लांब आवारात हंस पांढरे पांढरे दिसायला लागले होते.

"आजी," मागून लेआ म्हणाली, एकदाही न अडखळता. "डोकं बाजूला घे ना. दिसत नाहीये."

मी घेतलं.